गणित सुटले!

'गणित सुटले' या दोन शब्दांचे मराठीत दोन अर्थ होतात आणि ते एकमेकांच्या अगदी उलट आहेत. लहानपणी पाटीवर उत्तर आले की आम्ही 'सुटले, सुटले' म्हणून ओरडत असू. यंदा जूनमध्ये शेजारचे गृहस्थ पेढ्यांचा पुडा घेऊन दारात उभे राहिले आणि तेच शब्द तितक्याच आनंदाने म्हणाले. चिरंजीवांना अकरावीला आर्ट्समध्ये प्रवेश मिळाला होता. "काका, पोराचे गणित सुटले एकदाचे!"

मी पेढा घेतला. गोडच होता. ज्याने पस्तीस वर्षे या नाशिक शहरात फळ्यापुढे उभे राहून गणित शिकवले, त्याच्याच दारात येऊन गणितातून सुटल्याचे पेढे वाटण्यात काही वावगे आहे असे त्या भल्या माणसाला वाटले नाही. खरे सांगायचे तर पेढा संपेपर्यंत मलाही वाटले नाही. रात्री मात्र झोप येईना. माणूस आजारातून उठला की पेढे वाटतात, खटल्यातून सुटला की वाटतात. हा पोरगा कशातून सुटला? आणि त्याला आत कोंडले होते कोणी?

दिवाळीच्या अंकात भांडण काढू नये असा संकेत आहे. पण हे भांडण मी माझ्याच जातभाईंशी, म्हणजे गणिताच्या मास्तरांशी काढणार आहे. तेव्हा वाचकांनी फराळाचे ताट पुढे घेऊन खुशाल मजा बघावी.

आपल्याकडे दहावी झाली की मुलाच्या गणिताची वाट फुटते. आर्ट्सकडे गेलेल्याला कागदावर गणित घेता येते, वर्गात ते घेणारा मात्र सहसा सापडत नाही. कॉमर्सला 'गणित की एस. पी.' असा प्रश्न येतो, आणि घरातले सगळे मिळून त्यावर एखाद्या स्थळाचा विचार करावा तसा विचार करतात. सायन्सकडचा मुलगा डॉक्टर व्हायचे मनात धरून जीवशास्त्र घेतो आणि गणित सोडतो. इथवर ठीक आहे. आवड ज्याची त्याला. माझी तक्रार पुढे सुरू होते. कॉलेजात गेल्यावर कोणत्या ना कोणत्या वळणावर गणित पुन्हा आडवे येतेच, आणि तेव्हा आम्ही त्या मुलाच्या पानात जे वाढतो त्याविषयी मला बोलायचे आहे.

औषधनिर्माणशास्त्राचे उदाहरण घ्या. नाशिकच्या पंचक्रोशीत आज फार्मसीची कॉलेजे पुष्कळ झाली आहेत. बारावीला गणित न घेता तिथे आलेल्या मुलांसाठी बी. फार्म. च्या देशभर लागू केलेल्या अभ्यासक्रमात पहिल्या सत्राला एक विषय ठेवण्यात आला. त्याचे नाव 'रेमेडियल मॅथेमॅटिक्स', म्हणजे उपचाराचे गणित. उपचार म्हटला की आधी पथ्याचे हलके खाणे, मग हळूहळू पोळीभाजी. इथे तीस तासांत लॉगॅरिदम, आंशिक अपूर्णांक, मर्यादा, मॅट्रिक्स, डिटर्मिनंट, डेरिव्हेटिव्ह, सरळ रेषा, इंटिग्रेशन, डिफरन्शियल समीकरणे, आणि शेवटी लाप्लास ट्रान्सफॉर्म! दहावीनंतर ज्याने गणिताचे तोंड पाहिले नाही त्याला तीस तासांत लाप्लासपर्यंत न्यायचे. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला म्हणतात, तसा हा उपचार. पोरे काय करतात? सूत्रे पाठ करतात, ठरलेली पाच उदाहरणे घोटतात, पास होतात, आणि सत्र संपताच ते सगळे गोदावरीत सोडून मोकळी होतात.

या मुलांना ज्या गणिताची खरोखर गरज आहे ते तुमच्या माजघरात बसून सांगता येईल. समजा, एखादे औषध शरीरातून सहा तासांत निम्मे नाहीसे होते, आणि डॉक्टरांनी दर सहा तासांनी शंभर मात्रा घ्यायला सांगितल्या आहेत. पहिला डोस घेतला, शरीरात शंभर. सहा तासांनी उरले पन्नास, त्यात नवे शंभर, झाले दीडशे. पुढच्या वेळी त्याचे निम्मे पंचाहत्तर, अधिक शंभर, झाले एकशे पंचाहत्तर. मग एकशे साडेसत्त्याऐंशी. हे कुठवर वाढणार? घाबरू नका, दोनशेच्या पलीकडे जात नाही. कारण दोनशेला पोचायला जे अंतर उरते ते प्रत्येक डोसाला निम्मे होते, आणि निम्म्याचे निम्मे करीत गेले की अंतर मिटत येते पण ओलांडले जात नाही. झाले. औषध ठरावीक वेळीच का घ्यायचे, पहिल्या दिवशी गुण का येत नाही, दोन डोस एकदम का घ्यायचे नाहीत, यामागचा विचार इथे कळला. मर्यादा म्हणजे काय तेही कळले, आणि भूमिती श्रेढीही हातात आली. या पायावर कोणी पुढे लाप्लासची इमारत चढवली तर माझी ना नाही. पण पाया न खणता गच्चीवर पताका लावणे याला मी शिक्षण म्हणत नाही.

वाचकांना वाटेल, हा म्हातारा 'व्यवहारोपयोगी' गणिताचा पुरस्कर्ता दिसतो. थांबा. गेल्या दिवाळीची गोष्ट सांगतो, म्हणजे माझे दुखणे नेमके कुठे आहे ते कळेल.

आमच्या मागच्या खोलीत निफाड तालुक्यातला एक मुलगा भाड्याने राहतो. आर्ट्सला आहे, अर्थशास्त्र घेणार म्हणतो. धनत्रयोदशीला तो एक कागद घेऊन आला. थोरल्या भावासाठी मोटारसायकल घ्यायची होती. कर्ज एक लाखाचे, मुदत तीन वर्षे, व्याज 'फ्लॅट' दहा टक्के, हप्ता दरमहा ३,६११ रुपये. वडील सही करणार होते. मुलाने विचारले, "सर, दहा टक्के म्हणजे बरे आहे ना? सोन्यावर कर्ज काढले तर बारा पडतात म्हणे." त्या वेळी घरात माझा नातू होता, इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा. माझी भाची होती, बी. कॉम. झालेली. मी म्हटले, मंडळी, चकल्या बाजूला ठेवा आणि सांगा, या कर्जाला खरे व्याज किती?

आर्ट्सचा मुलगा म्हणाला, "कागदावर दहा लिहिले आहे." भाचीने हप्त्याचे सूत्र आठवायचा प्रयत्न केला. तिला ते येत होते, परीक्षेत त्यावर पूर्ण गुणही मिळाले होते. पण त्या सूत्रात दर घालून हप्ता काढायचा असतो आणि इथे हप्ता हाती होता, दर शोधायचा होता. उलटा प्रश्न तिला कोणी विचारलाच नव्हता. नातू म्हणाला, "आजोबा, हे आमच्या सिलॅबसमध्ये नाही." तो त्या सत्रात तिहेरी इंटिग्रेशन करीत होता.

तिघेही हुशार. तिघांनाही आम्ही शिकवलेले. आणि उत्तर इतकेच होते: दरमहा हप्त्यातून मुद्दल फिटत जाते. सुरुवातीला देणे एक लाख, शेवटच्या महिन्यात जेमतेम साडेतीन हजार. म्हणजे तीन वर्षांत त्या कुटुंबाकडे सरासरीने निम्म्याच्या आसपासच रक्कम राहिली. व्याज मात्र सगळे दिवस पुऱ्या लाखावर, वर्षाला दहा हजार. निम्म्या रकमेवर दहा हजार म्हणजे खरा दर दुपटीच्या जवळ. काटेकोर हिशेब केला तर तो अठराला किंचित कमी येतो. सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजाचा वाटा मोठा असल्यामुळे मुद्दल जरा सावकाश उतरते, म्हणून पुरता वीस होत नाही. पण दहा खासच नव्हे. सोन्यावरचे बारा टक्के बरे.

इथे मी स्वतःच्या पापाचा उच्चार केला पाहिजे. भाचीला ते सूत्र ज्या पद्धतीने शिकवले गेले त्याच पद्धतीने मी शेकडो मुलांना शिकवले आहे. 'हे सूत्र लिहून घ्या, सिद्धता तुम्हांला नाही.' तुम्हांला नाही! सायन्सच्या वर्गात सिद्धता, कॉमर्सच्या वर्गात सूत्र, आर्ट्सच्या वर्गात सुट्टी, अशी ही आमची वर्णव्यवस्था. अचानक पाहुणे आले की आमटीत पाणी घालून ती वाढवतात, तसे आम्ही निरनिराळ्या शाखांसाठी गणिताची आमटी पातळ करीत गेलो. आणि काय काढून घेतले? आकडेमोड काढली नाही, चिन्हे काढली नाहीत. काढले ते 'का'. जे सर्वांत रुचकर आणि, माझा अनुभव सांगतो, सर्वांत सोपे होते, तेच काढले. उरलेले पाणी मुलांना बेचव लागले तर 'मुलांना आवडच नाही' असा शेरा मारून मोकळे झालो.

शाखा वेगळ्या आहेत तर उदाहरणे वेगळी द्या, प्रश्न वेगळे विचारा, काही भाग खुशाल गाळा. कारण मात्र कोणाच्याही पानातून गाळू नका. माझे म्हणणे एवढेच आहे.

हे काही मी विलायतेहून आणलेले खूळ नव्हे. चाळीसगावपासून जवळ पाटण म्हणून स्थान आहे. तिथे यादवकाळातला, १२०७ च्या सुमाराचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन व्हावे म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापला आणि निकुंभ घराण्याच्या राजाने त्यासाठी दान दिले, असे त्यात नमूद आहे. आठशे वर्षांपूर्वी आपल्या खानदेशात गणिताच्या अभ्यासासाठी दिलेली ही देणगी! आणि कोणते गणित? ११५० सालच्या 'लीलावती'चे नुसते विभाग पाहा. मिश्रव्यवहारात व्याज आणि भागीदारी. खातव्यवहारात विहिरी-तळ्यांचे खोदकाम. चितिव्यवहारात विटांचे थर. क्रकचव्यवहारात करवतीने लाकूड चिरण्याची मजुरी. राशिव्यवहारात धान्याचे ढीग. छायाव्यवहारात दिव्याची आणि शंकूची सावली. म्हणजे सावकार, बेलदार, गवंडी, सुतार, शेतकरी आणि ज्योतिषी, सगळे एकाच पुस्तकात मांडीला मांडी लावून बसले आहेत. प्रत्येकाचा प्रश्न त्याच्या धंद्यातला. पण सुताराच्या पानात पातळ त्रैराशिक आणि ज्योतिषाच्या पानात घट्ट, असा पंक्तिप्रपंच तिथे नाही.

दुसरा दाखला अधिक जवळचा. गोपाळ कृष्ण गोखले यांचे नाव नाशिककरांच्या तोंडी रोज असते, कारण त्यांच्या नावाची एज्युकेशन सोसायटी १९१८ साली निघाली आणि तिने १९२४ साली इथे कॉलेज काढले, तेच आजचे एच. पी. टी. पण ज्यांचे नाव आपण घेतो ते गोखले गणिताचे मास्तर होते, हे किती जणांना ठाऊक आहे? फर्ग्युसनमध्ये ते गणित शिकवीत, इंग्रजी शिकवीत, इतिहास आणि अर्थशास्त्रही शिकवीत. त्यांचे अंकगणिताचे पुस्तक शाळाशाळांतून चालले. हा मनुष्य १९०२ साली कलकत्त्याला व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात अंदाजपत्रकावर बोलायला उभा राहिला. सरकार शिलकीचे आकडे दाखवून देश भरभराटीत आहे असे सांगत होते. गोखल्यांनी तेच आकडे उलगडून दाखवले की ही शिल्लक रयतेच्या सुबत्तेतून आलेली नाही. रुपयाचा भाव चढवून ठेवल्याने सरकारचा विलायतेतला खर्च हलका झाला, कर मात्र पडत्या रुपयाच्या दिवसांत वाढवलेले तसेच राहिले, आणि हे सारे दुष्काळाने माणसे गांजलेली असताना. त्या भाषणाला कोणते उच्च गणित लागले? बेरीज, वजाबाकी, त्रैराशिक. पण ते करणाऱ्याला 'का' विचारायची सवय होती. आज आपण अर्थशास्त्राचे, राज्यशास्त्राचे, समाजशास्त्राचे विद्यार्थी तयार करतो आणि त्यांच्या हातातून नेमके हेच हत्यार काढून घेतो. मग कोणीही यावे आणि टक्केवारीची टोपी घालून जावे.

टोप्या घालणारे लांब नसतात. लासलगावच्या बाजाराचा कांद्याचा भाव रोज छापून येतो: किमान, कमाल आणि सर्वसाधारण. समजा दहा ट्रॉल्या सारख्याच वजनाच्या आल्या. नऊ बाराशे रुपये क्विंटलने गेल्या आणि एक उत्तम मालाची तीन हजाराने. सरासरी निघते तेराशे ऐंशी. बातमी वाचून शहरातले गृहस्थ म्हणतात, 'भाव बरा आहे की!' दहापैकी एकाही शेतकऱ्याला तेराशे ऐंशी मिळालेले नाहीत. हे त्या निफाडच्या मुलाला पोटातून कळते, मात्र ते मांडायची भाषा त्याच्याजवळ नाही. त्याला ती भाषा द्यायची सोडून आम्ही त्याला म्हणतो, तुला गणितात गती नाही.

गती नाही! हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की आता त्याचा राग येण्याऐवजी कंटाळा येतो. याच नाशिकजवळ देवळालीला द. रा. कापरेकर नावाचे शाळामास्तर राहत. १९३० ते १९६२ पर्यंत त्यांनी पोरांना शिकवले, आणि फावल्या वेळात अंकांशी खेळत बसले. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नसले म्हणजे झाले. अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाने मांडलेली संख्या वजा करा, उत्तरावर पुन्हा तेच करा. सात पायऱ्यांच्या आत ६१७४ येते आणि मग तिथून हलत नाही. १९४७ घेऊन पाहा, पाच वजाबाक्यांत पोचाल. आपल्याकडे पुष्कळांनी या मास्तरांना छांदिष्ट ठरवले. १९७५ साली अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिले तेव्हा कुठे जगाचे लक्ष गेले.

एकदा आर्ट्सच्या वर्गावर बदली तास होता. करायचे काय म्हणून मी हा खेळ घातला. घंटा झाली, कोणी उठेना. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, प्रत्येक उत्तराला नवाने भाग जातोय." मी म्हटले, का जातो? दहा मिनिटे शांतता. मग तीच म्हणाली, की अंकाची जागा बदलली म्हणजे दहाचा एक होतो नाही तर शंभराचा दहा होतो. फरक पडणार तो नवाचाच, नव्वदाचाच. वाचकहो, ही सिद्धता आहे. अस्सल, शंभर नंबरी सिद्धता, आणि ती गणित 'सुटलेल्या' मुलीने केली. तिला याचा उपयोग काय, असे मला कृपा करून विचारू नका. तिच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे दिसले ते मी सायन्सच्या वर्गात वर्षातून दोनदा पाहिले असेल.

तेव्हा नुसता उपयोग, उपयोग म्हणून घोकणारेही माझे मित्र नव्हेत.

आता हे भांडण आजच काढण्याचे कारण. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाप्रमाणे महाराष्ट्रातल्या कॉलेजांनी नवी रचना स्वीकारली आहे, आणि तीत विद्यार्थ्याने आपल्या शाखेबाहेरचे काही विषय घ्यावेत अशी सोय आहे. 'ओपन इलेक्टिव्ह' म्हणतात त्याला. म्हणजे आर्ट्सच्या मुलापुढे गणिताचे दार पुन्हा उघडता येते. वर्षानुवर्षे आम्ही ज्याची वाट पाहिली ती संधी दारात येऊन उभी आहे. एका कॉलेजात (गावाचे नाव सांगतो, कॉलेजाचे नाही) मला सल्ल्यासाठी बोलावले होते. मी चार पाने लिहून नेली होती: कर्ज आणि हप्ता, सरासरी आणि तिची लबाडी, जनगणनेचे तक्ते वाचणे, नमुना पाहणी म्हणजे काय, आणि शेवटी दोन-तीन सुंदर सिद्धता. सगळ्यांनी माना डोलावल्या. चहा आला. मग एक तरुण प्राध्यापक म्हणाले, "सर, छान आहे, पण मुले घेणार नाहीत. आपण स्पर्धा परीक्षांचे गणित ठेवू. शॉर्टकट्स." दुसरे म्हणाले, की वर्कलोड ज्या विभागाचा जाईल तो विभाग गप्प बसणार नाही. तिसऱ्यांनी घड्याळ पाहिले. शॉर्टकट्स ठरले.

शॉर्टकट म्हणजे 'का' काढून घेतलेले गणित, आता तर उघडउघड तेच नाव लावून. त्या तरुण प्राध्यापकांवर माझा राग नाही. परीक्षा तशा आहेत आणि पोरांना नोकऱ्या हव्या आहेत, हे मला दिसते. पण नोकरीच्या परीक्षेसाठी गल्लोगल्ली क्लास आहेत. कॉलेजानेही तेच करायचे तर मग फाटकावरची पाटी तरी कशाला रंगवायची?

त्या कर्जाचे काय झाले, हे वाचणारी सुगरण मंडळी विचारणारच. पाडव्याला मुलगा वडिलांना घेऊन दुकानात गेला. वडील चौथी शिकलेले. मुलाने समजावलेले त्यांना एका बैठकीत समजले, आणि त्यांनी तिथल्या माणसाला विचारले, "मुद्दल दर महिन्याला फिटतंय, मग व्याज शेवटपर्यंत पुऱ्या लाखावर कसं हो?" त्याने सांगितले, सगळ्यांना असेच असते. त्यांनी सही केली नाही. चार महिने थांबले, द्राक्षाचे पैसे आल्यावर निम्मी रक्कम रोख भरली आणि उरलेल्या पैशांसाठी सोन्यावर बारा टक्क्यांनी कर्ज काढले.

यंदा तो मुलगा दुसऱ्या वर्षाला गेला. शाखेबाहेरच्या विषयांची यादी घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, यात तुमचं ते मोटारसायकलचं गणित कुठलं?" मी चष्मा लावून यादी वरपासून खालपर्यंत वाचली. त्यात ते नव्हते. मी त्याला म्हटले, रविवारी सकाळी आठला घरी ये, वही आण. तो आला. बरोबर आणखी चौघे होते, आणि त्यांतला एक आमच्या शेजारच्या पेढेवाल्या गृहस्थांचा चिरंजीव.